आगाऊ वर्गणी

प्रवासवर्णनाची पुष्कळ पुस्तके आम्ही वाचली आहेत. त्यांतील प्रवासी बहुधा एकटा असतो, किंवा त्याच्या सोबतीस समवयस्क स्नेही असतात. कडेवर मूल मात्र क्वचितच असते. तो डोंगर चढतो, माथ्यावर त्यास सूर्योदय दिसतो, आणि त्या सूर्योदयाचे वर्णन तो दोन पाने करितो. त्या दोन पानांत कोणास तहान लागत नाही, कोणाची चप्पल दरीत पडत नाही, आणि ‘आता घरी जाऊ या’ असे कोणी म्हणत नाही. आम्हां उभयतांस दोन अपत्ये आहेत; थोरली कन्या सात वर्षांची व धाकटा मुलगा तीन वर्षांचा. आम्ही याच शाळेत अध्यापन करितो, आणि सुट्टी मिळेल तेव्हा जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांत त्या दोघांस घेऊन हिंडतो. या हिंडण्यातून एक लहानसे पुस्तक तयार झाले व ते लोकांच्या आगाऊ वर्गणीतून छापले गेले. त्या वर्गणीने आम्हांस जे शिकविले, ते या वार्षिकाच्या वाचकांस सांगावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या प्रांताची माहिती विद्यार्थ्यांस निराळी द्यावयास नको. जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले. जयविलास राजवाडा, १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जेथे थांबले अशी परंपरा सांगितली जाते तो शिरपामाळ, दाभोशाचा धबधबा, मोखाड्याकडील देवबांधचा गणपती, सूर्यमाळचे थंड पठार, ही सारी ठिकाणे मोठ्यांच्या पुस्तकांत आहेत. परंतु मुलांनी त्यांत काय पाहिले? राजवाड्यापाशी कन्येने पायऱ्या मोजल्या, आणि मुलाने एका फटीत शिरणाऱ्या मुंग्यांपुढे अर्धा तास बैठक मारिली. दाभोशास ओल्या खडकाखाली एक खेकडा सापडला व धबधबा पाहावयाचा राहून गेला. होळीनंतर एका गावी बोहाडा पाहण्यास गेलो असता राक्षसाचा मुखवटा नाचत जवळ येताच मुलाने किंकाळी फोडली. तेव्हा त्या सोंगाने बाजूस येऊन मुखवटा वर केला, आणि आतून घामाने निथळणारा एक हसरा तरुण बाहेर आला. त्या रात्रीपासून मुलास राक्षसाचे भय उरले नाही. आम्हांस मात्र त्या तरुणास पाणी देण्याचे सुचले नाही, याची खंत राहिली.

असे प्रसंग आम्ही एका वहीत टिपून ठेवीत असू. कोणत्या वाटेवर सावली आहे, कोठे पिण्याजोगे पाणी मिळते, परतीची एस. टी. चुकल्यास कोठे बसावे, घाटात मुलास मळमळू लागल्यास काय करावे, पावसाळ्यात कोणत्या ओहोळापाशी माघारी फिरणेच शहाणपणाचे, हेही त्या वहीत असे. मोठ्या माणसाची मजल निराळी व मुलाची निराळी. तेव्हा मुलाच्या पावलाने अंतर मोजावे व जेथे ते थांबेल तेच त्या दिवसाचे मुक्कामाचे ठिकाण मानावे, हा आमचा पहिला नियम ठरला. हळूहळू स्नेही मंडळी ती वही वाचावयास नेऊ लागली आणि पुस्तक करण्याचा आग्रह होऊ लागला.

आम्ही हस्तलिखित तयार करून एका प्रकाशकाकडे पाठविले. त्याने ते विनयपूर्वक परत केले. दोन दुर्गम तालुक्यांत लहान मुलांस घेऊन कोण हिंडणार आणि त्यासाठी पुस्तक कोण विकत घेणार, असा त्याचा व्यवहारी प्रश्न होता. तो प्रश्न अयोग्य होता असे आम्ही म्हणत नाही. एका छापखान्याने ३०० प्रतींस ४५,००० रुपये खर्च सांगितला. दोन शिक्षकांच्या घरास ही रक्कम एकदम उभी करणे जड होते. तेव्हा प्रत्येक प्रतीस १५० रुपये आगाऊ वर्गणी घ्यावी, ज्यास तेवढे शक्य नसेल त्याने इच्छेस येईल ते द्यावे, आणि सर्वांची नावे पुस्तकाच्या शेवटी छापावी, असे आम्ही ठरविले.

हल्ली या रीतीस क्राउडफंडिंग असे नाव मिळाले असून संगणकाच्या द्वारे देशोदेशींच्या अनोळखी माणसांकडून अशी रक्कम जमविता येते. परंतु लोकवर्गणी ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकातील जुनी मराठी पुस्तके उघडून पाहावीत. कित्येकांत आश्रयदात्यांची यादी आढळेल, आणि कोणी किती प्रती घेतल्या तेही नावापुढे दिलेले असेल. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशाचे प्रचंड कार्य हाती घेतले, तेव्हा त्यांनी मंडळी स्थापून तिचे भाग लोकांस विकले व आगाऊ ग्राहक मिळविले. अशा रीतीने त्या ग्रंथाचे २३ खंड महाराष्ट्रास मिळाले. पुस्तक छापण्यापूर्वी सवलतीत नावनोंदणी करण्याची प्रकाशकांची पद्धत तर आजही सर्वांच्या परिचयाची आहे.

आमच्या आवाहनपत्रकात मात्र आम्ही पंडिता रमाबाईंचे उदाहरण दिले. कारण पुस्तक, प्रवास व लहान मूल ही तिन्ही त्यांच्या चरित्रात एकत्र आढळतात. १८८२ साली त्यांस वैधव्य आले, त्या वेळी त्यांची कन्या मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. त्याच साली त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या विक्रीतून मिळालेल्या द्रव्याच्या आधारावर १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. पुढे अमेरिकेत असता १८८७ साली त्यांनी हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी मंडळी स्थापन झाली, आणि तिच्या सभासदांनी दहा वर्षे दरसाल वर्गणी देण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. रमाबाईंचा स्वतःचा पहिला प्रवासही आम्ही पत्रकात घातला होता. त्या सुमारे सहा महिन्यांच्या असता त्यांचे मातापिता गंगामूळचे अरण्य सोडून तीर्थयात्रेस निघाले, आणि एका गड्याने वेताच्या पेटाऱ्यात घालून, डोक्यावर घेऊन त्यांस डोंगर उतरविले. हे चित्र वाचकांस फार आवडले.

भाद्रपदापासून आम्ही वर्गणी जमवू लागलो. एका खाकी वहीत नाव, गाव व रक्कम लिहावी आणि पावती द्यावी, असा क्रम होता. कित्येक पालकांनी मोबाईलवरून पैसे पाठविले. पैकी तिघांनी नाव न कळविल्यामुळे ते कोणाचे हे शोधण्यात आमचे दोन रविवार गेले. एस. टी.च्या एका वाहकाने स्वतःची वर्गणी दिली, आणि आमच्या टिपणातील गाड्यांच्या दोन वेळा चुकल्याचेही दाखवून दिले. बाजारपेठेतील एका चहावाल्याने, ‘माझ्या दुकानापाशी मुलांना बसायला बाक आहे, हे लिहिणार असाल तर दोन प्रती’, असे सांगितले. बाक खरोखरच होता. म्हणून आम्ही ते लिहिले. दिवाळीपर्यंत १८७ नावे झाली. आम्ही फार आनंदात होतो.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात एके सायंकाळी आम्ही खाकी वही घेऊन एस. टी. स्थानकाकडे जात होतो. रस्त्याच्या कडेस काही कुटुंबे बोचकी, हंडे व कोंबड्या घेऊन बसली होती. दरसाल भात व नाचणी घरात आली की या दोन्ही तालुक्यांतील पुष्कळ गावे अशीच रिकामी होतात, आणि माणसे भिवंडी, कल्याण, वसई या बाजूंस वीटभट्ट्यांवर जातात. ती पावसाच्या तोंडावर परततात. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. आमच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी या काळात वसतिगृहात राहतात, ते याच कारणाने. त्या मंडळीत आमच्या एका विद्यार्थिनीचे आईवडील होते. आईच्या मांडीवर तिचा धाकटा भाऊ निजला होता. तो आमच्या मुलाच्याच वयाचा.

मुलीच्या वडिलांनी नमस्कार करून वही कसली म्हणून विचारले. लहान मुलांना घेऊन प्रवास कसा करावा याचे पुस्तक काढीत आहोत, असे आम्ही सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला व म्हणाले, “मग गुरुजी, त्यात आमचं असेल की. आम्ही तर दर साली पोरं घेऊन जातो.” या बोलण्यात उपरोध मुळीच नव्हता. पुस्तक ज्या विषयाचे आहे, त्यात आपली गोष्ट असणारच, असे त्यांनी सरळपणे धरून चालविले होते. नंतर त्यांनी खिशातून वीस रुपयांची नोट काढली आणि म्हणाले, “बाई, माझंही नाव लिहा. पोरगी वाचून दाखवील.” तितक्यात ट्रक आला. बोचकी वर गेली, मुले वर गेली, आणि पाच मिनिटांत रस्ता मोकळा झाला. आम्ही नोट हातात घेऊन उभे होतो.

घरी आल्यावर आम्हां उभयतांत मतभेद झाला. एकाचे म्हणणे, ही नोट परत पाठवावी. ज्याच्या घरी धान्य चार महिन्यांपलीकडे पुरत नाही, त्याच्याकडून हौसेच्या पुस्तकासाठी पैसे घेणे शोभत नाही. दुसरीचे म्हणणे, नोट परत करणे म्हणजे ‘तू आमचा वाचक नव्हेस’ असे त्यास सांगणे होय. इतर १८७ जणांस आपण असे सांगितले नाही, मग त्यासच का? वाद रात्री बराच वेळ चालला. शेवटी दोघांच्याही ध्यानात आले की वाद नोटेविषयी नाहीच. हा १८८ वा वर्गणीदार आपल्या वर्गणीच्या मोबदल्यात ज्या पुस्तकाची अपेक्षा करीत होता, ते पुस्तक आम्ही लिहिलेलेच नव्हते.

आगाऊ पैसे घेतल्याने माणूस बांधला जातो. आम्ही लोकांचे पैसे घेतले होते. परंतु आम्हांस बांधणारे काय होते? आमचा शब्द, एवढेच. पुस्तकास विलंब झाला असता तर कोणी फार तर नाराज झाले असते. भट्टीवर जाणारे कुटुंबही आगाऊ पैसे घेते. त्यास उचल म्हणतात. पावसाळ्यात घर शाकारावयास, कोणाच्या आजारपणास, कोणाच्या लग्नास ती उचल घेतली जाते, आणि मग सगळा हंगाम विटा पाडून ती फेडावी लागते. आठवड्यास पोटापुरती खर्ची मिळते व हिशेब अखेरीस होतो. हिशेबात उचल फिटली नाही तर पुढील सालची वाट आधीच ठरून जाते. वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा १९७६ साली झाला आहे. तथापि उचलीने माणसास बांधून ठेवण्याचे प्रकार निःशेष थांबले, असे कोणासही म्हणता येणार नाही. एकच शब्द, ‘आगाऊ’. तो आमच्या वहीत किती हलका होता आणि त्या ट्रकात किती जड!

मग आम्ही आमचे आवाहनपत्रक पुन्हा वाचून पाहिले. रमाबाईंचा वेताचा पेटारा आम्ही त्यात घातला होता. परंतु पुढचे घातले नव्हते. ती अनेक वर्षांची भ्रमंती अखेर दारिद्र्यात गेली, १८७४ साली दुष्काळात आईबाप निवर्तले, त्यांच्या पाठोपाठ थोरली बहीणही गेली, आणि रमाबाई व त्यांचे बंधू पायी पुढे चालत राहिले. तो भाग सहलीच्या पुस्तकास साजणार नाही म्हणून आम्ही गाळला होता. आमच्या हस्तलिखितातूनही असेच एक वाक्य गाळले गेले होते. मोखाड्याकडे हिंडत असता कन्येने विचारले होते, “एवढं मोठं धरण आहे, मग या बायका पाण्याच्या टँकरची वाट का पाहतात?” मध्य वैतरणा धरण २०१४ साली पूर्ण झाले, आणि त्याचे पाणी मुंबईस जाते. आम्ही तिला तेवढेच उत्तर दिले, व पुस्तकात प्रश्नही ठेविला नाही, उत्तरही ठेविले नाही.

आमच्या शाळेत मार्काच्या शुभवर्तमानातील गरीब विधवेच्या दानाची कथा दरसाल सांगितली जाते. आम्हीही ती अनेकदा सांगितली आहे. परंतु नेहमी ती विधवा भांडारापाशी येते तेथून प्रारंभ करीत असू. त्या रात्री आम्ही पान उलटून मागे वाचले. त्या कथेच्या लगेच आधी, विधवांची घरे गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांस कडक ताकीद दिलेली आहे. थोडक्यातून देणाऱ्याची स्तुती आम्ही शिकविली होती. ते दान ज्यांच्या हाती पडते त्यांस काय सांगितले आहे, ते शिकविले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व वर्गणीदारांस पत्र लिहिले. पुस्तकात एक नवे प्रकरण घालावयाचे आहे, ते भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या प्रवासाविषयी असेल, त्यामुळे पुस्तक नाताळाऐवजी जूनमध्ये निघेल, वाढलेल्या १६ पानांचा खर्च आम्ही सोसू, आणि ज्यांस हे मान्य नसेल त्यांची वर्गणी तत्काळ परत करू, असे त्यात स्पष्ट कळविले. नऊ जणांनी पैसे परत मागितले; आम्ही त्याच आठवड्यात ते दिले. त्यांपैकी एका गृहस्थांनी लिहिले, “आम्ही मुलांच्या आनंदासाठी पुस्तक मागितले होते, दुःख वर्तमानपत्रांत पुष्कळ मिळते.” त्यांचे म्हणणे आम्ही खोटे मानीत नाही. सहलीची सर्व प्रकरणे आम्ही तशीच राहू दिली; खेकडाही राहिला व मुंग्याही राहिल्या. परंतु या वाटांवरून जाणारी सर्व मुले सहलीसच जातात, असा समज करून देणारे पुस्तक काढण्यास आमचे मन होईना.

माघ महिन्यात आम्ही आमच्या दोन्ही मुलांस व त्या विद्यार्थिनीस घेऊन भिवंडी तालुक्यातील त्या भट्टीवर गेलो. कच्च्या विटा रचून व वर गवत टाकून केलेली खोपटी, ज्यांस तेथे भोंगा म्हणतात, रांगेने उभी होती. विटा पाडण्याचे काम मध्यरात्रीनंतर सुरू होऊन उन्हे चढेपर्यंत चालते. तोवर लहान मूल झोळीत असते आणि त्याहून थोडे मोठे मूल ती झोळी हलवीत असते. आमचा मुलगा व विद्यार्थिनीचा भाऊ दोघेही पाहता पाहता चिखलात उतरले, आणि त्यांनी एक हत्ती व एक ट्रक तयार केला. मुलीच्या आईने हंड्यातील पाण्याने आमच्या मुलाचे हातपाय स्वच्छ धुतले. तो हंडा तिने पहाटे दूरवरून आणला होता, व दिवसभरासाठी तेवढेच पाणी घरात होते, हे आम्हांस निघताना कळले. बोहाड्यातील त्या तरुणास पाणी द्यावयाचे राहिले होते. येथे तर आम्ही दुसऱ्याच्या घरचे पाणी संपवून निघालो.

त्या दिवशी आम्ही प्रश्न विचारीत होतो आणि ती माउली सांगत होती. ट्रकात मुलास ऊब कशी द्यावी, उतरल्यावर पहिल्या रात्री काय शिजवावे, कोणता कागद बोचक्याच्या तळाशी ठेवावा, याचे तिचे ज्ञान आमच्या सर्व प्रकरणांहून अधिक होते. जे तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते, तेवढेच आम्ही आमच्या बाजूने जोडले. गाव सोडताना शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत मुलास त्याच्या इयत्तेत बसता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये, दाखला येण्यास उशीर झाला या सबबीवर कोणतीही सरकारी शाळा मुलास प्रवेश नाकारू शकत नाही. मुलाच्या लसींची नोंद असलेले माता व बाल संरक्षण कार्ड जवळ बाळगावे. सहा वर्षांखालील मुलाचे नाव तेथील अंगणवाडीत घालता येते. शिधापत्रिकेवरील धान्यही आता दुसऱ्या गावच्या दुकानातून घेता येते. या साध्या गोष्टी आहेत. परंतु त्या ट्रक निघण्यापूर्वी ठाऊक असाव्या लागतात.

आमच्या जिल्ह्यास या विचाराचा वारसा आहे, हेही आम्ही त्या प्रकरणात नमूद केले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि पुढे कोसबाडास गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या, त्यामागेही हाच विचार होता. मूल जेथे असेल तेथे जाऊन त्यास शिकवावे, हे आमच्या आधी पुष्कळांनी ओळखले होते. आमच्या पुस्तकास ते उशिरा कळले, इतकेच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुस्तक छापून आले. शेवटच्या पानांवर वर्गणीदारांची नावे आहेत. ती रकमेच्या क्रमाने न देता, ज्या क्रमाने खाकी वहीत आली त्या क्रमाने दिली आहेत, आणि कोणाच्याही नावापुढे आकडा छापलेला नाही. पहिला पाऊस पडून गेल्यावर आम्ही विद्यार्थिनीच्या पाड्यावर प्रत घेऊन गेलो. वडिलांनी आपले नाव कोठे आहे ते मुलीकडून पाहून घेतले, त्यावर बोट ठेविले, व मग मुलीस ते प्रकरण वाचावयास सांगितले. ती वाचीत असता आईवडील दोघेही लक्षपूर्वक ऐकत होते. मध्येच आईने तिला थांबविले. ट्रकात लहान मुलास मागच्या फळीपाशी मोकळ्या हवेत बसवावे, असे आम्ही लिहिले होते. “असं कुठं असतं बाई? मागं सगळी धूळ उडते. पोराला पुढं, टपाच्या मागं बसवायचं. मी सांगितलं होतं तुम्हाला.” तिने खरोखरच सांगितले होते. आम्ही घाईत उलटे टिपले, आणि ३०० प्रतींत ते तसेच छापले गेले.

आम्ही फार ओशाळलो. तेथेच बसून आमच्या जवळच्या प्रतींत पेन्सिलीने दुरुस्ती केली. ज्या प्रती आधीच गेल्या होत्या, त्यांच्या धन्यांस शुद्धिपत्र पाठविले. विद्यार्थी वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी ते पुस्तक असेल, तर ८७ व्या पानावर ही दुरुस्ती अवश्य करून घ्यावी.

हा लेख लिहीत असता दिवाळी होऊन गेली आहे, आणि ते कुटुंब पुन्हा भट्टीवर गेले आहे. आमच्या पुस्तकाने त्यांची उचल कमी झाली नाही, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुलाचे कार्ड मात्र या खेपेस बोचक्यात आहे, आणि त्याचे नाव तेथील अंगणवाडीत घातल्याचे वडिलांनी वसतिगृहाच्या दूरध्वनीवर मुलीस कळविले. तीही आता एका वहीत काहीबाही लिहीत असते. गेल्या वर्षी भट्टीवर जाताना तिने वाटेत काय काय पाहिले, ते त्यात आहे. ती वही आम्हांस अद्याप दाखविलेली नाही. पुरी झाल्यावर दाखवीन, असे म्हणते. ती छापावयाची झाल्यास पहिली आगाऊ वर्गणी आमची.

पालकांस एक विनंती आहे. आपण मुलांस घेऊन कोठेही निघालात, मग ते देवबांधास असो, आजोळी असो की कामाच्या शोधात असो, तर परत आल्यावर मुलाने काय पाहिले ते त्यास विचारावे, व ते कोणाकडून तरी लिहवून ठेवावे. आमच्या खाकी वहीत अजून कोरी पाने आहेत.